सगळ्यात चांगला खेळाडू कर्णधार का होत नाही? ऑस्ट्रेलियन फुटीची गोष्ट



या आठवड्याच्या व्हिडिओत मी ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलचं नाव घेतलं आणि बऱ्याच जणांनी विचारलं, "सर, क्रिकेट सोडून हे कुठलं काढलंत?" व्हिडिओत वेळ कमी होता, म्हणून ते सगळं इथे नीट सांगतो.

निमित्त एका विद्यार्थ्याच्या फोनचं. त्याचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे, हाताखाली आठ माणसं. त्यातला एक वेल्डर म्हणजे हिरा. याने विचार केला की आपण ऑर्डर आणायला बाहेर फिरतो, तर वर्कशॉप सांभाळायला यालाच सुपरवायझर करू. पगार वाढवला, पेढे वाटले. चार महिन्यांत दोन पोरं काम सोडून गेली, वेल्डिंगचं काम मागे पडायला लागलं, आणि एके दिवशी तो वेल्डरच येऊन म्हणाला, "साहेब, मला माझं जुनं काम परत द्या." आता आमचा विद्यार्थी विचारतोय, पुढचा कोण नेमू?

हा प्रश्न ऑस्ट्रेलियातल्या क्लबांना फार वर्षांपूर्वी पडला होता. त्यांनी तो कसा सोडवला, ते बघण्यासारखं आहे.

आधी खेळ थोडक्यात. तिकडे त्याला 'फुटी' म्हणतात. एका बाजूला मैदानात 18 खेळाडू, अंडाकृती चेंडू, आणि मैदानसुद्धा अंडाकृती, कारण हा खेळ क्रिकेटच्या मैदानांवरच वाढला. 1858 साली टॉम विल्स नावाच्या क्रिकेटपटूने मेलबर्नच्या एका वर्तमानपत्राला पत्र लिहिलं की हिवाळ्यात क्रिकेटपटू सुस्तावतात, त्यांच्यासाठी फुटबॉलचा क्लब काढा. पुढच्याच वर्षी नियम लिहिले गेले. आपण बॉक्सिंग डे टेस्ट बघतो ते मेलबर्न क्रिकेट ग्राउंड आहे ना, तिथेच या खेळाची अंतिम लढत होते. मधल्या दोन उंच खांबांतून लाथेने चेंडू मारला की गोल, त्याचे 6 गुण. बाजूच्या लहान खांबांकडून गेला तर 1 गुण. 20-20 मिनिटांचे चार डाव, आणि चेंडू थांबला की घड्याळही थांबतं, त्यामुळे प्रत्येक डाव अर्ध्या तासाच्या आसपास जातो.

आता मुद्द्याची गोष्ट. क्रिकेटचा कर्णधार राजा असतो. बोलिंग कोणाला द्यायची, स्लिप किती ठेवायच्या, रिव्ह्यू घ्यायचा का, सगळं तोच ठरवतो. फुटीचा कर्णधार तसा नाही. कोणाला कुठे खेळवायचं, कोणाला बाहेर बसवायचं, हे कोच ठरवतो. तो वर काचेच्या खोलीत फोन घेऊन बसलेला असतो. त्याचा निरोप घेऊन एक माणूस मैदानात पळत जातो, त्याला 'रनर'च म्हणतात. नियमांनी कर्णधाराला दिलेलं काम मोजकंच, म्हणजे नाणेफेक, आणि समोरच्या संघाचे 18 पेक्षा जास्त खेळाडू मैदानात आहेत असा संशय आला तर अंपायरकडे डोकी मोजायची मागणी. झालं!

मग तो कर्णधार कशाचा? त्याच्याकडे हुकमत नाही. बाकीचे 17 जण त्याचं ऐकतात, एवढंच त्याचं भांडवल. आणि बघा, तुमच्या सुपरवायझरची अवस्था नेमकी हीच असते. पगार तुमच्या हातात, रजा तुमच्या हातात, कामावर ठेवणं-काढणं तुमच्या हातात. त्याच्याकडे फक्त पदाचं नाव. म्हणून मी क्रिकेट सोडून इकडे आलो.

एकच माणूस कोच आणि कर्णधार

पूर्वी अनेक क्लबांत 'कॅप्टन-कोच' असायचा, म्हणजे तोच खेळणार आणि तोच संघ चालवणार. 1972 साली कार्लटन क्लबने जॉन निकोल्स या कॅप्टन-कोचच्या हाताखाली विजेतेपद मिळवलं. अंतिम सामन्यात 177 विरुद्ध 150, दोन्ही बाजूंनी धो धो गुण. 1979 साली कार्लटनच्याच ॲलेक्स जेसोलेंकोला हे पुन्हा जमलं, पण त्यानंतर कुठल्याच कॅप्टन-कोचला नाही. खेळ वेगवान झाला, आणि चेंडूमागे धावणाऱ्या माणसाला पूर्ण मैदान दिसेना.

शेवटच्या खेळाडू-कोचांपैकी एक होता नॉर्थ मेलबर्नचा माल्कम ब्लाइट, 1981 साली. जबरदस्त खेळाडू. पण संघ हरत गेला आणि हंगाम अर्धवट असतानाच त्याने कोचपद सोडलं. आणि पुढच्याच सामन्यात, नुसता खेळाडू म्हणून उतरल्यावर, पठ्ठ्याने 11 गोल मारले! मला हा किस्सा कळला तेव्हा आमच्या त्या वेल्डरचीच आठवण आली. हात तेच होते, डोक्यावरचं ओझं उतरलं होतं. (ब्लाइट पुढे खेळणं थांबवल्यावर कोच म्हणून मोठा झाला, ॲडलेड क्लबला 1997 आणि 1998 अशी सलग दोन विजेतेपदं मिळवून दिली. म्हणजे माणसात कमी नव्हती, दोन्ही कामं एकाच वेळी करण्यात अडचण होती.)

तुम्ही आज धंदा सुरू करताय, तेव्हा पहिली दोन-तीन वर्षं तुम्ही कॅप्टन-कोचच असणार. गल्ल्यावर तुम्ही, खरेदीला तुम्ही, डिलिव्हरीलाही तुम्ही. त्याला इलाज नाही. प्रश्न येतो तो माणसं पाच-सहाच्या वर गेली की. आणि तिथेच आपण हमखास सगळ्यात चांगला कारागीर उचलतो आणि त्याला मुकादम करतो.

जिलाँगने काय केलं

मेलबर्नजवळ जिलाँग नावाचं शहर आहे, तिथला क्लब 1859 सालचा. 2006 च्या हंगामात या संघाकडून फार अपेक्षा होत्या. तरुण, गुणी पोरं होती. आणि संघ आला दहावा. शेवटचं विजेतेपद 1963 चं, म्हणजे एक अख्खी पिढी वाट बघून म्हातारी झाली होती. लोक कोचला काढा म्हणत होते. क्लबने कोच मार्क थॉम्पसनला ठेवलं, पण कामाची पद्धत बदलली. रे मॅक्लीन नावाचा एक प्रशिक्षक होता, त्याची 'लीडिंग टीम्स' ही संस्था क्लबांसोबत काम करायची. त्याची पद्धत सांगायला सोपी, करायला अवघड. आपण कसे वागणार हे खेळाडूंनीच ठरवायचं, मग पुढारी कोण हे त्यातूनच पुढे येऊ द्यायचं, आणि जो ठरल्याप्रमाणे वागत नाही त्याला तोंडावर सांगायचं. पाठीमागे कुजबूज नाही.

2007 साठी कर्णधार झाला टॉम हार्ले. हा बचावफळीतला खेळाडू. आधीच्या क्लबकडून एकच सामना खेळून जिलाँगला आलेला. संघात त्याच्यापेक्षा कितीतरी मोठी नावं होती. त्या वर्षीच्या ऑल-ऑस्ट्रेलियन संघात, म्हणजे लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या यादीत, एकट्या जिलाँगचे 9 जण निवडले गेले. कर्णधार हार्ले त्यांत नव्हता!

आणि या नव्या मंडळींची परीक्षा हंगाम सुरू व्हायच्या आधीच झाली. स्टीव्ह जॉन्सन हा संघातला जादूगार, अशक्य कोनातून गोल मारणारा. 2006 च्या नाताळच्या सुमारास दारूच्या नशेत त्याला पोलिसांनी पकडलं. हे पहिल्यांदा घडत नव्हतं. पूर्वीची रीत असती तर कोचने दोन शब्द सुनावले असते, दंड भरला असता, विषय संपला असता. पण निर्णय खेळाडूंच्या नेतृत्वगटाने घेतला. त्यांनी आपल्याच दोस्ताला मुख्य संघातून बाहेर काढलं, हंगामाच्या सुरुवातीचे सामने त्याला मिळाले नाहीत.

इथे जरा थांबा आणि विचार करा. तुमच्या दुकानात सर्वांत जास्त विक्री करणारा पोरगा रोज अकराला येतो. बाकीचे साडेनऊला. तुम्ही त्याला बोलता का? खरं सांगा. बहुतेक जण बोलत नाहीत, कारण तो गेला तर धंदा बसेल ही भीती. आणि बाकीचे पाच जण ते रोज बघत असतात.

जिलाँगलाही ती किंमत मोजावी लागलीच. पहिल्या 5 सामन्यांत दोनच विजय. पाचवा सामना हरल्यावर खेळाडूंची बैठक झाली आणि तिथे एकमेकांना खडे बोल सुनावले गेले. पुढच्या सामन्यात त्यांनी रिचमंडला 157 गुणांनी धुतलं. तिथून सलग 15 विजय, आणि सप्टेंबरमध्ये अंतिम सामना पोर्ट ॲडलेडविरुद्ध 163-44, म्हणजे 119 गुणांनी. अंतिम लढतीतला हा सगळ्यात मोठ्या फरकाचा विजय आहे. त्या दिवशी सर्वोत्तम खेळाडूचं नॉर्म स्मिथ पदक कोणाला मिळालं माहितेय? स्टीव्ह जॉन्सनला.

आता कोणी म्हणेल, शिक्षा केली म्हणून तो सुधारला. मला तसं सरळ वाटत नाही. शिक्षा तर कोचही करतो. ही शिक्षा ज्यांच्यासोबत रोज घाम गाळतो त्यांनी दिली होती, आणि परत यायचा रस्ताही त्यांनीच उघडा ठेवला होता. हार्ले पुढे 2009 मध्येही विजेता कर्णधार झाला, आणि निवृत्तीनंतर सिडनी स्वान्स क्लबचा सीईओ. माणसं सांभाळायचं अंग मुळातच असणार.

कर्णधार नसतानाही

सिडनी स्वान्सचं नाव निघालंच आहे तर त्यांचीही गोष्ट ऐका. मॅक्लीनची पद्धत या क्लबने जिलाँगच्या आधी, 2003 पासून आणली होती, पॉल रूस हा नवा कोच आल्यावर. कर्णधार स्टुअर्ट मॅक्सफिल्ड. शिस्तीला कडक माणूस. 2005 च्या मधेच त्याचा गुडघा गेला आणि त्याला खेळ सोडावा लागला. हंगाम ऐन भरात, आणि कर्णधार नाही.

क्लबने दुसरा कर्णधार नेमलाच नाही. सहा जणांनी आळीपाळीने ते काम केलं. अंतिम सामन्यात तो मान बॅरी हॉलकडे होता. वेस्ट कोस्ट ईगल्सविरुद्ध 58-54, फक्त 4 गुणांनी सिडनी जिंकलं, आणि शेवटच्या क्षणी बचावफळीतल्या लिओ बॅरीने गर्दीत उडी मारून चेंडू हवेत पकडला म्हणून जिंकलं. हा लिओ बॅरीसुद्धा त्या सहांपैकीच एक. 72 वर्षांनी मिळालेलं विजेतेपद. मागचं 1933 चं, तेव्हा हा क्लब सिडनीत नव्हताच, साउथ मेलबर्नमध्ये होता.

माझ्या मते मॅक्सफिल्डच्या कर्णधारपदाचं सर्वांत मोठं प्रमाणपत्र हेच. तो गेल्यावरही गाडी चालली. आपल्याकडे उलट बघतो, सुपरवायझर आठ दिवस गावाला जत्रेला गेला की मालकाला रोज वर्कशॉपला जावं लागतं, आणि वर सुपरवायझर मिरवतो, "बघा, माझ्याशिवाय पान हलत नाही." ती कौतुकाची गोष्ट नाहीये हो. सगळी माहिती त्याने स्वतःच्या खिशात ठेवली आहे, इतकाच त्याचा अर्थ.

आणखी एक प्रसंग, मला स्वतःला फार आवडतो तो. 2016 साली वेस्टर्न बुलडॉग्स क्लबचा कर्णधार बॉब मर्फी हंगामाच्या सुरुवातीलाच गुडघ्याच्या दुखापतीने बाहेर गेला. संघाने 1954 नंतर पहिल्यांदा विजेतेपद मिळवलं, आणि मर्फी कडेला उभा राहून बघत होता. बक्षीस समारंभात कोच ल्यूक बेव्हरिजने त्याला मंचावर बोलावलं आणि स्वतःला मिळालेलं पदक त्याच्या गळ्यात घातलं. मर्फीने ते नंतर परत केलं, ठेवून घेतलं नाही. दोघांचंही बरोबर होतं असं मला वाटतं.

मग त्या वेल्डरचं काय?

मी विद्यार्थ्याला सांगितलं, आधी वेल्डरला सन्मानाने त्याच्या मशीनवर परत पाठव, आणि वाढवलेला पगार कापू नकोस. पद काढलं म्हणून पगार काढला तर तो शिक्षा समजेल, आणि महिन्याभरात शेजारच्या वर्कशॉपमध्ये दिसेल. ब्लाइटचे 11 गोल विसरू नकोस.

दुसरं, लगेच कोणाला नेमू नकोस. एका शनिवारी पगार वाटून झाल्यावर सहाच्या सहा जणांना एकेक कोरी चिठ्ठी दे. नाव लिहायचं नाही. दोनच प्रश्न. काम अडलं की तू मालकाच्या आधी कोणाकडे जातोस? आणि तुझं चुकलं तर तुला तोंडावर कोण सांगतं? दोन्ही प्रश्नांना एकच नाव जास्त वेळा आलं तर तो तुझा माणूस. वेगवेगळी नावं आली तर सिडनीसारखं कर, महिना-महिना वाटून दे आणि बघ.

तिसरं, ज्याला नेमशील त्याला थोडी तरी खरी सत्ता दे. उशिरा येणाऱ्याला त्या दिवशी परत पाठवायचं की नाही हे तो ठरवेल, आणि त्याने ठरवल्यावर तू मध्ये पडणार नाहीस. मग परत पाठवलेला माणूस तुझा भाचा का असेना. यावर विद्यार्थी बराच वेळ गप्प बसला. भाचा खरोखरच कामाला आहे म्हणे!

त्याने चिठ्ठ्या घेतल्या. चार चिठ्ठ्यांवर दोन्ही प्रश्नांना एकच नाव आलं, ग्राइंडिंग करणाऱ्या एका पन्नाशीच्या मामांचं. ते फारसं बोलत नाहीत, म्हणून याच्या डोक्यातही आलं नव्हतं. सध्या महिनाभर त्यांना करून बघू द्या असं ठरलंय. काय होतंय ते कळलं की पुढच्या व्हिडिओत सांगतो. तोवर तुमच्याकडे चिठ्ठ्या घेतल्यात तर कोणाचं नाव आलं ते खाली नक्की लिहा, आणि अपेक्षेपेक्षा वेगळं आलं असेल तर तेही लिहा.