मारुतीचा शेंदूर आणि भांगातले सिंदूर एकच असते का? जाणून घ्या

फुलचूर (जि. गोंदिया) : शनिवारी मारुतीच्या दर्शनाला गेले की देवाच्या पायाला बोट लावायचे आणि तेच बोट कपाळाला टेकवायचे, ही सवय आपल्या अंगवळणी पडलेली आहे. सोबत लेकरू असेल तर त्यालाही टिळा लागतो. मग तेच बोट, न धुता, प्रसादाच्या खोबऱ्याकडे किंवा फुटाण्यांकडे वळते. फुलचूर असो की जिल्ह्यातले दुसरे कुठले गाव, चित्र सारखेच. त्या तेलकट केशरी रंगात असते काय, हे मात्र फारसे कुणी विचारत नाही.

पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचे ऑक्साईड. 100 ग्रॅम शुद्ध शेंदरात 90 ग्रॅमपेक्षा जास्त शिसेच असते. म्हणूनच त्याची पुडी आकाराच्या मानाने हाताला जड लागते. निसर्गात हे खनिज सापडते, पण फार थोडे. बाजारातला शेंदूर भट्टीतला. वितळलेले शिसे हवेत भाजले की पिवळसर मुरदाडशिंग बनते आणि तेच साडेचारशे अंश सेल्सिअसच्या आसपास बराच वेळ भाजत राहिले की नारिंगी-लाल होते.

तेलात कालवला की हा रंग घट्ट लेप धरतो आणि लोखंडाला गंजू देत नाही. त्यामुळे पूल, जहाजे यांच्या लोखंडाला पहिला हात वर्षानुवर्षे याच रंगाचा दिला जात असे. बॅटरी आणि काचेच्या कारखान्यांत तो आजही लागतो. देवाच्या दगडी मूर्तीवर तो टिकतो, त्यामागेही हाच गुण.

नाव एक, वस्तू वेगळ्या

खरा घोळ नावांचा आहे. हळदीला चुना किंवा टाकणखार लावून लाल केले की घरगुती कुंकू होते. त्यात शिसे नसते. गेरू म्हणजे लोखंडाचा गंज असलेली माती. हिंगूळ हा पाऱ्याचा; त्यात वजनाने सुमारे 86 टक्के पारा. आणि शेंदूर शिशाचा. दुकानातल्या पुडीवर लाल रंग दिसतो, आत यातले नेमके काय आहे ते दिसत नाही.

आपला जिल्हा बालाघाट आणि राजनांदगावला लागून. इथे मराठी घरात शेंदूर देवाचा, तर हिंदी भाषक घरात सिंदूर सुवासिनीच्या भांगातला. भांगात भरायचे सिंदूर शिशाचे असता कामा नये; सौंदर्यप्रसाधनांत रंगासाठी शिशाची संयुगे वापरायला आपल्याकडे कायद्याने बंदी आहे. तरीही अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठाच्या संशोधकांनी न्यू जर्सी, मुंबई आणि दिल्लीतील दुकानांतून घेतलेले शंभराहून अधिक नमुने तपासले, तेव्हा सुमारे 80 टक्के नमुन्यांत शिसे आढळले. जवळपास एक तृतीयांश नमुन्यांत ते अमेरिकेत ठरलेल्या, ग्रॅमला 20 मायक्रोग्रॅम या मर्यादेपेक्षा जास्त होते. हा अभ्यास 2017 चा.

शरीरात गेल्यावर काय होते?

गवयाला कुणी विड्यातून शेंदूर खाऊ घातला आणि त्याचा आवाज गेला, अशा गोष्टी जुन्या नाटक मंडळ्यांबद्दल आजही सांगितल्या जातात. त्यातल्या खऱ्या किती, हा भाग वेगळा. पण शेंदूर पोटात जाणे वाईट, हे आपल्या आजी-आजोबांना ठाऊक होते, एवढे नक्की.

कोरड्या कातडीतून शेंदरातले शिसे फारसे आत जात नाही. ते जाते तोंडातून आणि धुळीसोबत श्वासातून. मोठ्या माणसाच्या तुलनेत लहान मूल चार ते पाच पट शिसे शोषून घेते. पोटदुखी, बद्धकोष्ठता, रक्त कमी होणे, चिडचिड ही लक्षणे इतकी साधी, की संशय दुसरीकडेच जातो. मेंदूच्या वाढीला झालेली इजा तर भरूनच येत नाही. शिसे हाडांत वर्षानुवर्षे साठते आणि गरोदरपणात तिथून सुटून बाळापर्यंत पोहोचते. शिशाचे सुरक्षित म्हणावे असे कोणतेच प्रमाण नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

म्हणून देवाला शेंदूर लावायचा तर लावा. लेकराच्या कपाळाला हळदीचे कुंकू किंवा चंदन पुरे. दर्शनानंतर प्रसाद घेण्याआधी साबणाने हात धुवा. नुसते पुसून भागत नाही. पुडी मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवा आणि सांडलेला शेंदूर झाडूने झाडू नका, ओल्या फडक्याने टिपा. फोडा-गळवांवर शेंदराचे जुने घरगुती मलम लावणेही टाळलेले बरे. मुलाने शेंदूर गिळला असेल तर वाट न पाहता डॉक्टरकडे न्या आणि काय गिळले ते नाव घेऊन सांगा. रक्तातले शिसे तपासता येते.

एक गोष्ट राहतेच. लेपावर लेप चढून जाड झालेले कवच कधीतरी काढावे लागते. वणीच्या सप्तशृंगी देवीच्या मूर्तीवरून 2022 मध्ये असाच हजार किलोहून अधिक शेंदूर उतरवला गेला. गावच्या मारुतीचे कवच तेवढे नसेल, पण खरवडलेला शेंदूर श्रद्धेने पाण्यात सोडायची आपली रीत आहे आणि गोंदिया तर तलावांचा जिल्हा. त्याच पाण्यात गुरे उतरतात, मासे धरले जातात. कवच काढायचेच झाले तर तोंडाला मास्क लावून आणि ते ओले करूनच काढा. निघालेला शेंदूर जाळू नका, विहिरीत-तळ्यात टाकू नका. बंद डब्यात भरा आणि विल्हेवाटीसाठी ग्रामपंचायतीला कळवा.