सेफ्टी पिनांवरची मोटार

मोटार फिरवणं सोपं आहे, ती वेगात फिरवणं हे खरं काम. फिरण्यापुरतं एक पेन्सिल सेल, दोन सेफ्टी पिना, जुन्या स्पीकरचं चुंबक आणि रिवाइंडिंगच्या दुकानातून आणलेली थोडी इनॅमलची तार पुरते. पुण्याच्या आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्तांनी अशीच मोटार कितीतरी मुलांच्या हाती दिली.

सेलवरच तारेचे दहा वेढे घ्यायचे, टोकं समोरासमोर बाहेर काढायची. एका टोकाचं इनॅमल ब्लेडनं पूर्ण खरवडायचं. मग वेटोळं उभं धरून दुसऱ्या टोकाची फक्त वरची बाजू खरवडायची. या अर्ध्या खरवडीतच मोटारीचा जीव आहे. प्रवाह अखंड राहिला, तर अर्ध्या फेऱ्यात मिळालेला रेटा उरलेल्या अर्ध्यात उलटा बसतो आणि वेटोळं जागच्या जागी झुलत राहतं.

वेग कानानं मोजता येतो. दर फेऱ्याला प्रवाह एकदाच जोडला जातो, म्हणून गुणगुणीचा मूळ सूर ५० हर्ट्झ असेल तर मिनिटाला ३००० फेरे. मोबाइलवरचं साधं ॲप हे दाखवतं.

आता मला सर्वांत आवडणारा हिशेब. फिरणारं वेटोळं स्वतःही वीज निर्माण करतं आणि ती सेलला विरोध करते. मोटारीच्या वेगाला शेवटी हाच विरोध आवरतो. पण दीड सेंटिमीटर व्यासाचे दहा वेढे आणि ०.१ टेस्लाचं चुंबकीय क्षेत्र धरलं, तर ३००० फेऱ्यांना हा विरोध जेमतेम ०.०५ व्होल्ट भरतो. सेल तर दीड व्होल्टचा! म्हणजे वेगाला भरपूर वाव आहे. तो अडतो पिनांच्या भोकांत, जिथे वेटोळ्याची टोकं टेकलेली असतात; तिथे तार उडते, ठिणगी पडते आणि तांब्यावर काळा थर चढतो.

म्हणून दुसरा सेल जोडणं हा मला घाईचा उपाय वाटतो. वेटोळं वाकडं असेल, तर जास्त जोरानं ते जास्तच उडतं. आधी एक डोळा मिटून दोन्ही टोकं एका रेषेत आहेत का ते पाहावं. मग सेल काढून वेटोळं पिनांवर ठेवावं आणि बोटानं हलकेच फिरवावं. दर वेळी तीच बाजू खाली येऊन थांबत असेल, तर ती जड. तिथले वेढे किंचित सरकवावेत. समतोल साधला की वेढे दोऱ्यानं बांधून अ‍ॅराल्डाइटचा थेंब द्यावा, नाहीतर वेगात ते फाकतात. टोकं बारीक पॉलिश पेपरनं चकचकीत करावीत. एवढ्यानंच सूर चढलेला स्पष्ट ऐकू येतो, आणि तो ऐकताना मला दर वेळी तितकाच आनंद होतो.

१८२१ मध्ये मायकेल फॅरडेनं चुंबकाभोवती तार फिरवली, तेव्हा तिचं टोक पाऱ्यात बुडलेलं होतं. घर्षण अगदी कमी, जोडणी अखंड. पारा विषारी, त्यामुळे घरी तो मार्ग बंद. आपल्याला तांब्याची टोकं पुन्हा पुन्हा घासावी लागतात.

वेटोळ्याचा रोध नगण्य असल्यानं सेलमधून काही अँपिअर प्रवाह ओढला जातो. मोटार अडकली की वेटोळं लगेच उचलावं, नाहीतर सेल चटका बसेल इतका तापतो. याहून वेग हवा असेल, तर फुकट जाणारा अर्धा फेरा वापरात आणावा लागतो. खेळण्यातल्या मोटारीत त्यासाठी तीन वेटोळी आणि तीन तुकड्यांचा कम्युटेटर, म्हणजे प्रवाहाची दिशा पालटणारं कडं, असतो.