संगणकाला पत्ता मिळतो कसा आणि हुकतो कोठे

एखाद्या शाळेच्या संगणककक्षात तीस यंत्रे एकाच वेळी सुरू करावीत, त्यांपैकी सत्तावीस यंत्रांनी बिनतक्रार नेटवर्कशी संबंध जोडावा आणि उरलेल्या तिघांनी मात्र मौन धरावे, हा अनुभव काही दुर्मिळ नाही. यंत्रे एकाच बनावटीची, केबल एकाच जातीची. मग हा पक्षपात का? अशा वेळी कोणी यंत्रावर ठपका ठेवतो, कोणी सर्व उपकरणांची वीज बंद करून पुन्हा चालू करतो, तर कोणी नवे सुटे भाग विकत आणतो. त्या तीन यंत्रांपुढे बसलेल्या विद्यार्थ्यांचा तास मात्र वाया जातोच. वास्तविक पुष्कळदा दोष यंत्रात नसतो. त्याला पत्ता मिळालेला नसतो, इतकेच. पत्ता न मिळण्याची कारणे मोजकी आहेत आणि त्यांतील बहुतेक कारणे आपली खूण मागे ठेवतात. ती खूण वाचता आली की दुरुस्ती बहुधा थोड्या वेळाचे काम ठरते.

पत्ता आणि त्याची मुदत

नेटवर्कमधील प्रत्येक संगणकास, छपाईयंत्रास अथवा मोबाइल फोनास एक अंकी पत्ता लागतो. त्यास आयपी पत्ता असे म्हणतात. अद्यापही सर्वत्र आढळणाऱ्या चौथ्या आवृत्तीत हा पत्ता चार संख्यांचा असतो. प्रत्येक संख्या ० ते २५५ यांच्या दरम्यान असते व दोन संख्यांमध्ये टिंब देतात, उदाहरणार्थ, १९२.१६८.१.२५. संगणकाच्या पडद्यावर हेच आकडे इंग्रजी अंकांत दिसतात. एकाच नेटवर्कमध्ये दोन यंत्रांचा पत्ता एक असून चालत नाही.

प्रारंभी हे पत्ते व्यवस्थापकास हाताने भरावे लागत. १९८५ मध्ये अमेरिकेतील बिल क्रॉफ्ट व जॉन गिलमोर यांनी बूट-पी नावाची पद्धत मांडली. तिच्यामुळे यंत्राला आपला पत्ता विचारून घेता येऊ लागला. परंतु कोणत्या यंत्राचा पत्ता कोणता, याची यादी आधी कोणीतरी तयार करून ठेवावी लागे. यादीत एकदा लिहिलेला पत्ता, ते यंत्र मोडीत निघाले तरी, कोणी खोडीपर्यंत त्याच्याच नावे राही. पुढे ऑक्टोबर १९९३ मध्ये पेनसिल्व्हेनियातील बकनेल विद्यापीठाचे राल्फ ड्रोम्स यांनी लिहिलेला नवा नियमसंच प्रसिद्ध झाला. त्याचे नाव डीएचसीपी. त्याची सुधारलेली आवृत्ती मार्च १९९७ मध्ये निघाली आणि चौथ्या आवृत्तीच्या पत्त्यांचे स्वयंचलित वाटप आजही मुख्यतः तिच्याच आधारे चालते.

या नियमसंचातील मोलाची कल्पना मुदतीची आहे. सार्वजनिक ग्रंथालय वाचकास पुस्तक कायमचे देत नाही. ठरावीक दिवसांसाठी देते, मुदत वाढवून हवी असल्यास वेळेवर मागणी करावयास सांगते आणि परत आलेले पुस्तक दुसऱ्या वाचकास देते. डीएचसीपी सर्व्हर पत्त्यांचा व्यवहार असाच करतो. लहान नेटवर्कमध्ये हे काम बहुधा राउटरच पार पाडतो. निम्मी मुदत सरताच यंत्र स्वतःहून मुदतवाढ मागते. सर्व्हर गप्प राहिला, तर मुदतीचा सात-अष्टमांश भाग सरल्यावर ते उत्तर देईल त्या कोणत्याही सर्व्हरकडे मागणी करते. आणि मुदत संपेपर्यंत उत्तर न आल्यास पत्ता सोडून देते.

यावरून एक गोष्ट वाचकांच्या ध्यानात येईल. सर्व्हर आज सकाळी बंद पडला, तरी ज्यांच्याजवळ मुदतीतील पत्ता आहे ती यंत्रे चालूच राहतात. म्हणून काही यंत्रे चालतात एवढ्यावरून सर्व्हर निर्दोष आहे, असे अनुमान काढता येत नाही.

चार निरोप

नव्याने आलेल्या यंत्राला सर्व्हर कोठे आहे हे ठाऊक नसते. यास्तव ते सर्वांना उद्देशून हाक मारते: पत्ता देणारे कोणी आहे काय? हा पहिला निरोप, शोधाचा. सर्व्हर आपल्या साठ्यातील एक मोकळा पत्ता पुढे करतो. हा दुसरा निरोप, देकाराचा. यंत्र तो देकार पत्करते आणि तसे सर्वांना ऐकू जाईल अशा रीतीने सांगते. हा तिसरा, मागणीचा. सर्वांना सांगण्याचे कारण असे की, एकाहून अधिक सर्व्हरांनी देकार केला असल्यास ज्याचा देकार स्वीकारला गेला नाही त्याला आपला पत्ता मोकळा झाल्याचे कळावे. शेवटी निवडलेला सर्व्हर मान्यता देतो. हा चौथा निरोप. त्याच्यासोबत मुदत, बाहेरच्या जगाकडे नेणाऱ्या गेटवेचा पत्ता आणि नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या डीएनएस सर्व्हरचा पत्ता, ही माहितीही सामान्यतः येते.

हाकेला उत्तर न आल्यास यंत्र सुमारे ४ सेकंद थांबून पुन्हा हाक मारते. त्यानंतरचे अंतर ८, १६, ३२ व ६४ सेकंद असे वाढवीत न्यावे, असे नियमसंच सांगतो. प्रत्येक अंतर एखाद्या सेकंदाने मागेपुढे करण्याचीही त्यात सोय आहे. नाही तर गेलेली वीज परत येताच सुरू झालेली शेकडो यंत्रे दर वेळी एकाच क्षणी हाका मारू लागतील.

दोषशोधनाचे मर्म या चार निरोपांत आहे. संभाषण कोठे तुटले, अथवा भलत्याशीच जुळले काय, हे आधी पाहावे.

पडद्यावरील साक्ष

विंडोज प्रणालीच्या यंत्रावर ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा ‘ऑल’ या पुरवणीसह दिली असता यंत्राचा पत्ता, गेटवे, पत्ता देणारा सर्व्हर, मुदत केव्हा मिळाली व केव्हा संपेल, हे सर्व पडद्यावर उमटते. यंत्राने पत्ता आपोआप घ्यावा अशी मांडणी मुळात केली आहे किंवा नाही, हेही तेथेच कळते. इतर प्रणालींत ही माहिती नेटवर्कच्या सेटिंगमध्ये सापडते. वीज बंद-चालू करण्यापूर्वी ती कागदावर उतरवून घ्यावी. कारण यंत्र पुन्हा सुरू होताच पुरावा पुसला जाण्याचा संभव असतो.

पत्ता १६९.२५४ या आकड्यांनी सुरू होत असेल, तर तो कोणत्याही सर्व्हरने दिलेला नाही. हाकेला प्रतिसाद नाही असे पाहून यंत्राने तो स्वतःच यदृच्छेने निवडलेला असतो. या प्रथेस मे २००५ मध्ये नियमाचे रूप मिळाले. अशा पत्त्यांची यंत्रे जवळच्या जवळ आपापसांत बोलू शकतात. बाहेर मात्र जाऊ शकत नाहीत. तेव्हा या आकड्यांचा अर्थ असा की, यंत्र जिवंत आहे, त्याने हाक मारली, परंतु मान्यता त्याच्यापर्यंत पोहोचली नाही.

यानंतरचा प्रश्न, ही अडचण किती यंत्रांना आहे? एकाच यंत्राला असेल तर त्याची केबल व स्विचमधील खाच बदलून पाहावी. एका मजल्यावरील सर्वांना असेल तर दोष त्या मजल्याच्या व सर्व्हरच्या मधल्या वाटेवर असावा. कारण सर्वांना उद्देशून मारलेली हाक राउटर ओलांडून पलीकडे जात नाही. ती पोहोचवण्यासाठी मध्ये एक निरोप्या, म्हणजे रिले, नेमावा लागतो. त्याची नेमणूक राहून गेली की तो संपूर्ण विभाग मुका होतो. जुनी यंत्रे चालत असून नव्याने येणाऱ्या सर्वांनाच नकार मिळत असेल, तर सर्व्हर बंद तरी असावा किंवा त्याचा साठा तरी संपलेला असावा.

साठा कसा संपतो, हे साध्या हिशेबाने समजेल. समजा, एका ग्रंथालयाजवळ १०० पत्ते आहेत. त्याची ४० यंत्रे ४० पत्ते अडवतात, उरले ६०. दररोज ३० नवे वाचक आपले फोन जोडतात. मुदत ८ दिवसांची असेल, तर दुसऱ्या दिवसाअखेर साठा रिता होतो आणि तिसऱ्या दिवशीच्या नव्या वाचकाला पत्ता मिळत नाही. पहिल्या दिवशी आलेला वाचक केव्हाच घरी गेलेला असतो. त्याच्या फोनाचा पत्ता मात्र अडकून पडलेला असतो. मुदत दोन तासांची केली, तर तेच ६० पत्ते दररोज सकाळी पुन्हा मोकळे मिळतात. येथे नवे यंत्र घेण्याची गरज नव्हती. एक आकडा बदलावयाचा होता.

कधी संगणक सुरू होताच पत्ता मिळत नाही, परंतु मिनिटभराने मागितला असता लगेच मिळतो. अशा वेळी स्विचकडे पाहावे. नेटवर्कमध्ये फेरा तर निर्माण होत नाही ना, याची खात्री करून घेण्यासाठी काही स्विच नव्या जोडणीला सुमारे ३० सेकंद थोपवून धरतात. तेवढ्या काळातील हाका वाया जातात. संगणक जोडलेल्या खाचेपुरती ही प्रतीक्षा टाळण्याची सोय अशा स्विचमध्ये सामान्यतः असते.

पत्ता मिळूनही अडचण

पत्ता दिसण्यात नीट आहे, तरीही इंटरनेट मिळत नाही, ही स्थिती अधिक फसवी असते. तिचे एक कारण म्हणजे आगंतुक सर्व्हर. कोणीतरी वाय-फायच्या सोयीसाठी घरगुती राउटर आणून भिंतीतील खाचेत जोडतो. तो राउटरही पत्ते वाटू लागतो. यंत्र बहुधा प्रथम आलेला देकार स्वीकारते. म्हणून काही यंत्रे खऱ्या सर्व्हरकडे जातात व काही आगंतुकाकडे. चालणाऱ्या व न चालणाऱ्या यंत्रांवरील ‘डीएचसीपी सर्व्हर’ ही ओळ शेजारी शेजारी ठेवून वाचावी. नेटवर्कमध्ये एकच सर्व्हर नेमलेला असताना दोन ओळींत भिन्न पत्ते आढळले, तर आगंतुक सापडला. तो राउटर काढून टाकावा, अथवा त्याचे पत्तेवाटप बंद करावे.

दुसरे कारण एकाच पत्त्याचे दोन धनी. कोणी छपाईयंत्राला हाताने पत्ता भरतो आणि तो नेमका सर्व्हरच्या साठ्यातलाच निघतो. पुढे सर्व्हर तोच पत्ता दुसऱ्याला देतो आणि दोन्ही यंत्रे मधूनमधून बंद पडू लागतात. यावर उपाय असा की, हाताने द्यावयाचे पत्ते साठ्याच्या बाहेर ठेवावेत, किंवा सर्व्हरवरच त्या यंत्राच्या नावे पत्ता राखून ठेवावा.

एवढे करूनही कारण सापडले नाही, तर एक निर्णायक प्रयोग करता येतो. बिघडलेल्या यंत्राला साठ्याबाहेरचा, परंतु त्याच नेटवर्कमधील एक मोकळा पत्ता तात्पुरता हाताने द्यावा. त्यासह यंत्र गेटवेशी बोलू लागले, तर केबल व स्विच यांची वाट खुली आहे आणि शोध पत्तेवाटपाच्या व्यवहारातच घ्यावयाचा आहे, हे ठरले. तरीही ते बोलले नाही, तर आधी वाट तपासावी. प्रयोग संपताच तो पत्ता काढून टाकण्यास मात्र विसरू नये. नाही तर आजचा प्रयोग हाच उद्याचा बिघाड व्हावयाचा.

प्रत्येक संगणककक्षाच्या भिंतीवर एक कागद असावा. त्यावर खऱ्या सर्व्हरचा व गेटवेचा पत्ता, साठा कोठून कोठपर्यंत आहे, मुदत किती, हाताने पत्ते दिलेली यंत्रे कोणती आणि शेवटचा बदल कोणत्या तारखेस झाला, एवढेच लिहिलेले पुरे. पडद्यावरील ओळी त्या कागदाशी ताडून पाहणे आठवी-नववीच्या विद्यार्थ्यासही सहज जमण्याजोगे आहे. आणि ते जमले, तर दुरुस्ती करणाऱ्याची वाट पाहत तीन विद्यार्थ्यांना नुसते बसून राहावे लागणार नाही.