मानाग्वा : नाहींशा झालेल्या खुणांचें शहर

परक्या मुलखांत गेलेल्या मनुष्याच्या खिशांत पैसा थोडा असला तरी निभतें, पण पत्त्याचा कागद हरवला कीं त्याची तारांबळ उडते. रस्त्याचें नांव आणि घराचा क्रमांक एवढें हातीं असलें म्हणजे लंडन असो वा मुंबई असो, विचारत विचारत माणूस दारापर्यंत जाऊन पोंचतो. मध्य अमेरिकेंतील निकाराग्वा देशाची राजधानी जें मानाग्वा शहर, तेथें मात्र हा हिशेब चालत नाहीं. तेथील पत्त्याचा घाट साधारण असा असतो : "काब्रेरा सिनेमा जेथें होता तेथून दोन चौक तळ्याकडे, एक चौक वर, डाव्या हातास हिरव्या दाराचें घर." यांत रस्त्याचें नांव नाहीं, घराचा क्रमांक नाहीं, आणि ज्या सिनेमागृहापासून मोजावयास आरंभ करावयाचा, तेंच मुळीं आतां जागेवर नाहीं!

ऐकणारास ही थट्टा वाटेल. पण दहा लाखांहून अधिक वस्तीचें हें शहर याच रीतीनें आपला व्यवहार चालवितें. पत्रें, पाहुणे, दुरुस्तीचे कारागीर, सारे याच वाटेनें घरीं येतात. रीत समजून घेतली तर तिच्यांत चांगली शिस्त आहे. पत्त्याचे तीन अवयव असतात. आधीं सर्वांस ठाऊक असलेली एक खूण, मग दिशा, मग अंतर.

दिशांचीं नांवें पहिल्यानें पाहूं. मानाग्वा शहर शोलोत्लान नांवाच्या विस्तीर्ण सरोवराच्या दक्षिण तीरावर वसलेलें आहे. म्हणून उत्तरेस 'उत्तर' म्हणण्याची गरज कोणास वाटत नाहीं. 'तळ्याकडे' म्हटलें कीं झालें. दक्षिणेला दक्षिणच म्हणतात. पण पूर्व म्हणजे 'वर' आणि पश्चिम म्हणजे 'खालीं'. सूर्य जिकडून वर येतो तें वर, जिकडे खालीं जातो तें खालीं! आपल्या गांवांतूनही वरची आळी आणि खालची आळी असते. परंतु तें वर-खालीं जमिनीच्या उतारावरून ठरलेलें असतें. मानाग्वाची जमीन दक्षिणेच्या टेंकड्यांकडून सरोवराकडे उतरत येते. तेव्हां 'एक चौक वर' हे शब्द ऐकून नवखा माणूस सरळ चढ चढूं लागतो आणि भलत्याच मोहल्ल्यांत जातो. तेथील 'वर' पायांना समजत नाहीं, तें आकाशाकडे पाहूनच समजतें. ढगाळ दुपारीं काय करावें, हें ज्याचें त्यानें पाहावें.

अंतर मोजावयाचें तें 'क्वाद्रा' म्हणजे चौकांत आणि 'व्हारा' या जुन्या स्पॅनिश मापांत. हें नांव आपल्या नऊवारींतील वाराच्या जवळचें वाटतें, पण माप आंखूड आहे. आपला वार 36 इंचांचा, तर तेथील व्हारा सुमारें 33 इंचांचा. शंभर व्हारा म्हणजे एक क्वाद्रा, अर्थात् जवळजवळ 84 मीटर. देशांत मीटरचें माप रूढ होऊनही हा व्हारा पत्त्यांतून हललेला नाहीं.

राहतां राहिली खूण. येथेंच या शहराच्या दुःखाचा धागा हातीं लागतो. खूण एखादें देऊळ, पुतळा, दुकान, दवाखाना, कांहींही असूं शकते. वाटेवरच्या एका लहानशा झाडामुळें 'आर्बोलीतो', म्हणजे 'झाडुकलें', हें नांव एका जागेला मिळालें. झाड गेलें तरी त्याच्यापासून चौक मोजणें सुटलें नाहीं. ज्या खुणा उरल्या नाहींत त्यांच्यामागें 'दोंदे फुए' हे दोन शब्द जोडतात. अर्थ, 'जेथें होतें'. अमुक सिनेमा जेथें होता, अमुक कारखाना जेथें होता. खुणांवरून पत्ता सांगण्याची ही चाल जुनी आहे. मात्र खुणांना एवढ्या मोठ्या प्रमाणांत भूतकाळाची क्रियापदें लागलीं, तीं एका रात्रींतील उत्पातामुळें.

मानाग्वा राजधानी झाली ती 1852 मध्यें, आणि तीही तडजोडीनें. लेओन हें उदारमतवाद्यांचें शहर व ग्रानादा हें सनातन्यांचें; दोघांच्या भांडणांत मधलें गांव राजधानीच्या मानास चढलें. जागा निवडतांना राजकारण पाहिलें गेलें, भूमि कोणी पाहिली नाहीं. ही सारी भूमि ज्वालामुखीची आहे. शहराच्या मध्याशीं तिस्कापा नांवाचें जें तळें आहे तें ज्वालामुखीच्या मुखांत सांठलेलें पाणी होय. सरोवराकांठच्या आकावालींका मोहल्ल्यांत 1874 मध्यें जमिनीखालीं माणसांच्या पाउलांचे ठसे सांपडले. सुमारें दोन हजार शंभर वर्षांपूर्वीं ज्वालामुखीच्या राखेच्या ओल्या चिखलांतून कांहीं माणसें चालत गेलीं. त्यांत मोठीं होतीं, मुलेंही होतीं. तीं जीव घेऊन पळत होतीं असें पूर्वीं कांहींजण मानीत. पण पावलापावलांतील अंतर धांवणाऱ्यांचें नव्हे, चालणाऱ्यांचें आहे.

31 मार्च 1931 रोजीं भूकंप व त्यामागून आग यांनीं शहर उद्ध्वस्त केलें आणि हजाराहून अधिक माणसें दगावलीं. लोकांनीं पुन्हां त्याच जागीं शहर उभारलें. भव्य राजमार्ग, बँका, नाटकगृहें, सिनेमागृहें यांनीं तें गजबजलें. मग 23 डिसेंबर 1972 ची रात्र आली. नाताळ दोन दिवसांवर होता. मध्यरात्र उलटून अर्धा तास होतो न होतो तोंच भूमि हादरली. धक्क्याचें मान 6.2 च्या सुमाराचें, म्हणजे जगांतील मोठ्या भूकंपांत गणना होण्याजोगें नव्हे. परंतु त्याचा उगम उथळ होता आणि तो शहराच्या बरोबर पायाखालीं होता. लांकडी चौकटींत माती व दगड भरून बांधलेलीं जुन्या चालीचीं घरें झोंपलेल्या माणसांवर कोसळलीं. पाण्याचे नळ फुटले, त्यामुळें आग विझविण्यास पाणी मिळेना. रुग्णालयेंही निकामी झालीं. मृतांचा नक्की आंकडा कोणीच देऊं शकलें नाहीं. पांच हजारांपासून अकरा हजारांपर्यंत निरनिराळे अंदाज आहेत. अडीच लाखांहून अधिक लोक उघड्यावर आले.

जगभरांतून मदत आली, पण ती गरजूंच्या हातीं पुरतेपणीं पडली नाहीं. त्या वेळीं देशाचीं सूत्रें आनास्तासियो सोमोसा देबाइले याच्या मुठींत होतीं, आणि त्याच्या नॅशनल गार्डनें मदतीचा माल लांबविल्याची बोंब सर्वत्र झाली. प्वेर्तो रिकोचा विख्यात बेसबॉलपटु रोबेर्तो क्लेमेन्ते यानें तें ऐकून, आपण स्वतः बरोबर असलों तर माल चोरीस जाणार नाहीं, या विश्वासानें 31 डिसेंबर 1972 रोजीं मदतीच्या विमानांतून प्रयाण केलें. विमान उड्डाणानंतर लगेच समुद्रांत पडलें आणि तो मृत्यु पावला. निकाराग्वांत बेसबॉल हा खेळांचा राजा. भूकंपाच्या कांहीं आठवडेच आधीं क्लेमेन्ते आपल्या देशाचा संघ घेऊन मानाग्वास येऊन गेला होता. त्याच्या मृत्यूची हळहळ तेथें घरोघर वाटली. भूकंपांत सोमोसाच्या राजवटीच्या भिंतींनाही तडे गेले असें इतिहासकार म्हणतात, तें या लुटीमुळें. 19 जुलै 1979 रोजीं क्रांतिकारकांनीं राजधानी घेतली.

येथें सहज प्रश्न उद्भवतो कीं, 1931 नंतर शहर पुन्हां उभें राहिलें, मग 1972 नंतर कां नाहीं? जमिनीखालीं भेगा आहेत हें शास्त्रज्ञांनीं दाखवून दिलें, हें एक कारण. सरकारनें मधला भाग तारांचें कुंपण घालून बंद केला आणि नवी बांधकामें भोंवतालच्या मोकळ्या जमिनींवर नेलीं, हें दुसरें. त्या जमिनींच्या व्यवहारांत सत्ताधाऱ्यांनीं व त्यांच्या सोबत्यांनीं हात ओले करून घेतले. पुढें यादवी, मग 1980 नंतरच्या दशकांतील युद्ध व अमेरिकेची व्यापारबंदी, यांत पैसा उरला नाहीं. परिणाम असा झाला कीं मानाग्वा मध्य नसलेलें शहर बनलें. वस्त्या दूरदूर, त्यांना जोडणारे रुंद हमरस्ते, मध्यें मोठमोठीं वर्तुळाकार चौरस्त्यांचीं बेटें. आणि जेथें शहराचें हृदय होतें तेथें कित्येक वर्षें गवत व पडक्या भिंती. आज त्या भागांत बागा व सरकारी इमारती आहेत. जुनें कॅथीड्रल मात्र अजून उभें आहे. त्याचा लोखंडी सांगाडा बेल्जमहून आणलेला होता. तो पडला नाहीं, पण इमारत वापरण्यास अयोग्य ठरली. मनोऱ्यावरच्या घड्याळाचे कांटे भूकंपाच्या घटकेस थांबले ते तसेच ठेवले गेले. नवें कॅथीड्रल 1993 मध्यें दुसरीकडे बांधलें, मेक्सिकोच्या रिकार्दो लेगोरेता या वास्तुविशारदाच्या आराखड्याप्रमाणें. त्यावर 63 लहानमोठे घुमट आहेत. तें देऊळ आहे कीं अंड्यांची पाटी पालथी घातली आहे, असा प्रश्न प्रथमदर्शनीं पडतो खरा; आंत गेल्यावर घुमटांतून उतरणारा प्रकाश पाहून ती थट्टा आपोआप थांबते.

आतां पत्त्याकडे पुन्हां पाहिलें म्हणजे त्याचें मर्म ध्यानांत येतें. रस्त्यास नांव देण्यास रस्ता स्थिर असावा लागतो, आणि नांव देणारी नगरसंस्थाही स्थिर असावी लागते. येथें दोन्हींचा भरंवसा राहिला नाहीं. राहिलीं तीं माणसें व त्यांची आठवण. पत्ता तेथें सरकारच्या पाटीवर नसून शेजाऱ्यांच्या तोंडीं असतो. भूकंपानंतर जन्मलेलीं मुलें आज पन्नाशीस आलीं आहेत. ज्या सिनेमागृहाचें तिकीट त्यांनीं कधीं काढलें नाहीं, त्याच्यापासून तीं बिनचूक चौक मोजतात. यांत गोडवा आहे, पण त्याची किंमतही आहे. परगांवाहून पोटासाठीं आलेल्या मजुरास ही स्मृति वारशानें मिळत नाहीं. रात्रीं-अपरात्रीं रुग्ण नेणाऱ्या गाडीला घर शोधावयाचें असलें म्हणजे 'जेथें झाड होतें' हें वर्णन जिवाशीं खेळणारें ठरूं शकतें. या रीतीचें केवळ कौतुक करणें हें प्रवाशास शोभतें. तेथें राहणाराचा हिशेब निराळा आहे.

नवीं 'जेथें होतें' अजूनही निर्माण होत आहेत. शहरांतील जेसुइटांचें विश्वविद्यालय त्याच्या आद्याक्षरांनीं, 'ऊका' म्हणून, ओळखलें जाई, आणि ग्रानादा-मसायाकडे जाणाऱ्या लहान गाड्या त्याच्यासमोरून सुटत. म्हणून प्रवाशांच्या तोंडीं तें विद्यापीठापेक्षां स्थानकाचेंच नांव झालें होतें. ऑगस्ट 2023 मध्यें सरकारनें तें जप्त केलें आणि त्याचें नांव बदललें.

दूरगांवच्या इतर बसगाड्या बाजारांपासून निघतात. जो बाजार ज्या दिशेस, त्या दिशेच्या गाड्या त्याच्याजवळ. म्हणून भाजी आणि प्रवास यांची तेथें कायमची सोयरीक आहे. अमेरिकेंतील शाळांच्या निवृत्त झालेल्या पिवळ्या गाड्या रंगरंगोटी करून या मार्गांवर धांवतात. गाडी थांबली कीं फळें, तळलेलीं केळीं, पिशवींत बांधलेलीं थंड पेयें घेऊन विक्रेत्या आंत शिरतात आणि पुढल्या थांब्यावर उतरतात. टॅक्सींत बसण्यापूर्वीं भाडें ठरवून घेणें चांगलें. शिवाय त्याच वाटेचा दुसरा उतारू दिसला तर चालक त्यालाही घेतो, याचा राग मानूं नये. सर्वांत अफाट बाजार 'ओरिएन्ताल'. भूकंपानंतर इतर बाजार नष्ट झाले तेव्हां विक्रेते येथें लोटले, आणि तो ओसाड पडलेल्या चौकांमागून चौक गिळीत वाढत गेला. जुन्या शहराचें मरण हें या बाजाराचें बाळसें ठरलें. 2008 मध्यें त्याला भयंकर आग लागली, तरी तो पुन्हां भरला.

सकाळच्या न्याहारीस 'गाय्यो पिंतो' म्हणजे तांबड्या घेवड्याबरोबर परतलेला भात असतो. त्या नांवाचा अर्थ 'ठिपक्यांचा कोंबडा', पण कोंबड्याचा त्यांत लवलेश नसतो. सुट्टीच्या दिवसाचा थाट 'नाकातामाल'चा : मक्याच्या पिठांत डुकराचें मांस, तांदूळ, बटाटा घालून केळीच्या जातीच्या पानांत बांधतात आणि तासन् तास उकडतात. हवा मोठी उष्ण. शहर पुदुच्चेरीच्या अक्षांशाच्या आसपास आहे. ऋतु दोनच. मे ते ऑक्टोबरच्या पावसास ते 'हिवाळा' म्हणतात, आणि उरलेल्या कोरड्या महिन्यांस 'उन्हाळा'. डिसेंबरांत उन्हाळा, ऑगस्टांत हिवाळा, हें ऐकून युरोपीय प्रवासी गोंधळतो; पाऊस आला कीं हवेंत गारवा येतो हें ठाऊक असलेल्या मराठी माणसास तितका अचंबा वाटूं नये.

संध्याकाळीं ऊन उतरलें कीं मोहल्ल्यांतून घरोघर डुलत्या खुर्च्या दाराबाहेर येतात. वाट चुकलेल्यानें पत्ता विचारावयाचा तो या वेळीं आणि या खुर्च्यांवरील आज्यांना. तेथून 'होतें' कोठें होतें, तें त्या हात करून दाखवितात. कोण कोठें राहत असे, कोठून कोठें गेलें, हेंही न विचारतां सांगतात. आणि ओळख असो वा नसो, दारावरून जाणारास त्या 'आदिओस' म्हणतात. स्पॅनिश भाषेचा हा निरोपाचा शब्द. मानाग्वांत वाटेनें जातां जातां भेटणारास अभिवादन म्हणून तोच वापरतात.