पांढरा धूर, रिकामी गादी

२६ ऑक्टोबर १९५८ च्या संध्याकाळी सिस्टीन चॅपलच्या धुराड्यातून पांढरा धूर निघाला. चौकात जल्लोष झाला, व्हॅटिकन रेडिओने पोप निवडला गेल्याचं सांगूनही टाकलं. मग धूर काळवंडला. निवड झाली नाही हे सांगणाऱ्या काळ्या धुरासाठी मतपत्रिकांबरोबर जाळायचा ओला पेंढा आधी नीट पेटला नसावा, एवढंच. दोन दिवसांनी कार्डिनल रोंकाल्ली निवडून आले आणि जॉन तेविसावे झाले.

काही परंपरावादी कॅथलिकांच्या मते मात्र त्या संध्याकाळी जेनोआचे कार्डिनल सिरी निवडले गेले होते आणि दबावापुढे त्यांना माघार घ्यावी लागली. खुद्द सिरींनी असा दावा कधी केला नाही. १९८९ मध्ये वारले तोवर ते नव्या पोपांनाच मानत राहिले.

तेव्हापासून पोपची ‘गादी रिकामी आहे’ म्हणणारे बहुतेक परंपरावादी धुराच्या नादी लागत नाहीत. त्यांचं म्हणणं असं: दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२-६५) शिकवण बदलली, आणि पाखंडी माणूस पोप असूच शकत नाही. पण पोपच नसेल तर कार्डिनल नेमणार कोण, आणि पुढचा पोप निवडणार कोण? १९९० मध्ये अमेरिकेतल्या कॅन्ससमध्ये डेव्हिड बॉडेन यांनी यावर आपल्यापुरती तोड काढली. सहा मतदार जमले, त्यांत ते स्वतः आणि त्यांचे आई-वडील. बॉडेन ‘पोप मायकल’ झाले.