‘अलबेला’तला हवाना, ‘पती पत्नी’तला रिओ

साखरखेर्डा : लॅटिन जॅझ हा महानगरांतील पंचतारांकित हॉटेलांचा आणि परदेशी तबकड्या जमविणाऱ्या मोजक्या शौकिनांचा प्रांत, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात ‘अलबेला’ची गाणी ज्याने ऐकली, मग तो मुंबईचा असो वा साखरखेर्ड्याचा, त्याच्या कानांवरून क्यूबाचा ठेका केव्हाच जाऊन आला आहे. त्याचे नाव तेवढे कुणी सांगितलेले नसते.

नगर जिल्ह्यातील पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजेच सी. रामचंद्र, यांनी १९५१ मध्ये भगवानदादांच्या या चित्रपटाला संगीत दिले. ‘शोला जो भडके’मध्ये बाँगो, क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट यांची जी धमाल उडते, तिचे मूळ हवानाच्या नृत्यगृहांत सापडते. संगीतकारांच्या हाताशी तेव्हा गोव्याचे कसलेले वादक होते. हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ ऊर्फ चिक चॉकलेट हे त्यांतले ठळक नाव. ते आणि त्यांचा वाद्यवृंद या चित्रपटात झालरीचे लॅटिन सदरे घालून पडद्यावरही दिसतात. कावस लॉर्ड यांच्यासारख्या पारशी वादकाने बाँगो-काँगा स्टुडिओत रुळविले. श्रेयनामावलीत मात्र बहुधा संगीतकाराचेच नाव झळके. वादक पडद्याआड राहिले ते राहिलेच.

या संगीताचा कणा म्हणजे ‘क्लावे’. दोन लाकडी दांडक्यांवर वाजणारा हा पाच आघातांचा आकृतिबंध त्रितालाच्या श्रोत्याला चटकन उमगावा. सोळा मात्रा मोजा आणि पहिल्या, चौथ्या, सातव्या, अकराव्या व तेराव्या मात्रेवर टाळी द्या. त्रितालाच्या टाळ्या पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर येतात. म्हणजे दोन ठिकाणी दोन्ही ताल भेटतात आणि मधल्या भागात एकमेकांना हुलकावणी देतात. गंमत आहे ती या हुलकावणीतच. सातव्या मात्रेवरची टाळी आठव्यावर सरकवली की ‘सोन’चा क्लावे ‘रुम्बा’चा होतो. क्यूबात गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकनांचे ताल आणि स्पॅनिश गिटार यांच्या संकरातून ‘सोन’ घडला. पुढे न्यूयॉर्कमध्ये माचितो यांच्या वाद्यवृंदाने त्याची गाठ जॅझशी घातली. मारिओ बाउसा यांची ‘टांगा’ ही १९४३ ची रचना त्याचा आरंभबिंदू मानली जाते. बाउसा यांनीच काँगावादक चानो पोसो यांना डिझी गिलेस्पींकडे नेले आणि १९४७ मध्ये ‘मान्तेका’ ध्वनिमुद्रित झाली. पुढच्याच वर्षी हार्लेममध्ये पोसो यांचा गोळी घालून खून झाला. एवढ्याशा सहवासाने जॅझची दिशा बदलावी, हे विलक्षणच.

नवख्याने सुरुवात ‘मान्तेका’पासूनच करावी. नंतर टिटो पुएन्ते यांचा ‘डान्स मेनिया’ (१९५८). ‘बुएना व्हिस्टा सोशल क्लब’ (१९९७) हा काटेकोर अर्थाने जॅझ नव्हे, पण म्हाताऱ्या गवयांच्या आवाजातले मार्दव अनुभवण्यासाठी तो चुकवू नये.

ब्राझीलचा स्वभाव अगदी वेगळा. सांबा रस्त्यावरचा, मिरवणुकीचा. बोसा नोव्हा घरातला. १९५८ च्या सुमारास ज्वांव जिल्बेर्तो यांनी सांब्याचा ठेका एका गिटारीवर उतरविला आणि गाणे जवळजवळ कुजबुजीवर आणले. तोम जोबीम यांच्या रचनांमुळे त्याला जॅझचे स्वरमेळ लाभले. ‘गेट्झ/जिल्बेर्तो’ (१९६४) या तबकडीला १९६५ मध्ये वर्षातील सर्वोत्तम अल्बमचे ग्रॅमी पारितोषिक मिळाले. ती जगभर गाजली त्यात ॲस्ट्रड जिल्बेर्तो यांच्या निर्विकार, कोवळ्या आवाजाचा वाटा मोठा. तबकडीच्या शीर्षकात मात्र त्यांचे नाव नाही. वादक असो वा गायिका, श्रेयाची कंजुषी दोन्ही गोलार्धांत सारखीच!

ही तबकडी रात्री, आवाज लहान ठेवून ऐकावी आणि लगेच राहुलदेव बर्मन यांचे ‘पती पत्नी’ (१९६६) मधील ‘मार डालेगा दर्द-ए-जिगर’ लावावे. आशाबाईंच्या स्वराखालचा तो हलका, रेंगाळणारा ठेका मग वेगळा ओळखू येतो.