टाळ थांबला नाही तर

आळंदीहून निघालेली ज्ञानोबामाउलींची पालखी संध्याकाळी मुक्कामाच्या तळावर येते, तेव्हा दिंड्या तिच्याभोवती गोल धरून उभ्या असतात. हजारो टाळ एका गजरात वाजत असतात. चोपदार हातातला चोप उंच धरतो आणि बघता बघता सगळा तळ चिडीचूप होतो. एखाद्या दिंडीचे टाळ तेवढे वाजतच राहतात. नवख्याला वाटतं, यांचं लक्ष नाही. लक्ष पुरतं असतं. टाळ वाजते ठेवणं हीच त्यांची तक्रार. चोपदार तिकडे जातो, काय झालं ते विचारतो. पाण्याचा टँकर आला नाही, वाटेत दुसरी दिंडी मध्ये घुसली, तंबूची जागा कुणी धरून बसलंय, असं काहीतरी असतं. दखल घेतली गेली की तेही टाळ थांबतात. मग हरवल्या-सापडल्याचा पुकारा होतो, उद्या पालखी किती वाजता हलणार ते सांगितलं जातं आणि आरती होते. ही समाज आरती.

माणसं कशी सांभाळावीत, टीम कशी बांधावी यावर पुस्तकांचा आणि कार्यशाळांचा सुकाळ आहे. त्यातला बराचसा मजकूर पुढाऱ्याभोवती फिरतो: त्याने कसं बोलावं, उमेद कशी द्यावी, स्वतः राबून कसं दाखवावं. सगळं ठीकच. पण लाखो माणसं अडीचशे किलोमीटरच्या आसपासची वाट पायी चालून आषाढीला पंढरपूर गाठतात, त्यातल्या बहुतेकांना सोहळ्याच्या प्रमुखांचं नावही ठाऊक नसतं, आणि तरी दरवर्षी काम होतं. पुढारी असामान्य असेल या भरवशावर न राहता घडी कशी बसवायची, हे पाहायचं असेल तर वारीसारखी दुसरी शाळा नाही.

ही घडी बसवली हैबतबाबा आरफळकरांनी. सातारा जिल्ह्यातल्या आरफळचे हे गृहस्थ शिंद्यांच्या पदरी सरदार होते. वारीची परंपरा त्यांच्या कितीतरी आधीची. तुकोबांचे धाकटे चिरंजीव नारायणमहाराज यांनी 1685 मध्ये पालखी सुरू केली. ज्ञानोबांच्या पालखीचा स्वतंत्र सोहळा मात्र एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबांनी उभा केला आणि त्याला लष्करी शिस्त दिली. पहाटे कर्णा वाजतो. पहिल्या कर्ण्याला आवरायचं, दुसऱ्याला आपापल्या जागी उभं राहायचं, तिसऱ्याला चालू लागायचं. दिंड्यांना क्रमांक आहेत, काही रथाच्या पुढे, बाकीच्या मागे. क्रमांक ठरलेला, त्यामुळे रोज सकाळी ‘आज पुढे कोण’ हा वाद नाही. कोणत्या वेळी कोणते अभंग म्हणायचे, तेही ठरलेलं. ज्या गोष्टींवर दर दिवशी भांडण होऊ शकतं, त्या एकदाच ठरवून टाकल्या. माझ्या मते पुढाऱ्याचं अर्धं काम इथेच होतं, आणि बहुतेक कचेऱ्यांत नेमकं हेच अर्धं राहून जातं. सुट्टी कुणाला आधी, गिऱ्हाईक कुणाचं, सही कुणाची, हे दर वेळी साहेबांच्या केबिनबाहेर उभं राहून ठरतं, आणि साहेबांना वाटतं, आपल्यावाचून पान हलत नाही.

एवढं बांधून दिल्यावर उरलेलं सगळं दिंडीवर सोडलं आहे. स्वयंपाक कुणी करायचा, ट्रक पुढे कधी धाडायचा, जेवणाची भिशी किती घ्यायची, म्हाताऱ्या माणसाच्या पायाला फोड आले तर त्याला कुठे बसवायचं, हे दिंडी पाहते. वरून कुणी विचारायला येत नाही. दिंडीत माणसं एकमेकांना तोंडाने ओळखतात. पुष्कळ जण एकाच गावचे, किंवा वर्षानुवर्षं एकाच दिंडीतून चालणारे. एखादा दुपारच्या जेवणाला दिसला नाही, तर विचारणारं कुणीतरी असतं. लाखाच्या गर्दीत ‘माणूस हरवला’ हे कळण्याची सोय एवढीच, आणि ती पुरते.

दिंडीच्या मध्यभागी विणेकरी. वीणा जमिनीवर टेकवायची नाही, म्हणून थकला की तो ती दुसऱ्याच्या गळ्यात देतो; देताना-घेताना दोघं एकमेकांच्या पाया पडतात. अधिकार हाती असताना तो दुसऱ्याकडे सोपवण्याची सवय रोज, सगळ्यांदेखत लागते. ज्यांच्या कंपनीत वरिष्ठ निवृत्त होईपर्यंत चावीसुद्धा कुणाला देत नाहीत, त्यांनी हे एकदा उभं राहून पाहावं.

पण सगळ्यात शहाणपणाची गोष्ट तो वाजता राहिलेला टाळ. त्याची रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. तक्रार करायची तर दिंडीला खास काहीच करावं लागत नाही. जे चाललंय ते चालू ठेवायचं. कुणा एकट्याला उठून उभं राहण्याचं धाडस करावं लागत नाही, कारण वाजतात ते सगळ्या दिंडीचे टाळ. तक्रार त्याच दिवशी होते आणि सगळ्यांदेखत होते, त्यामुळे ती मनात आंबत नाही आणि दाबताही येत नाही. आणि तिचा निकाल लागेपर्यंत आरती खोळंबते, म्हणजे एका दिंडीची अडचण ही सगळ्या तळाची अडचण होते. याच्यापुढे आपल्या मीटिंगा ठेवा. तासभर बोलून झाल्यावर साहेब विचारतात, ‘कुणाला काही अडचण?’ आणि खोली गप्प. ते गप्प बसणं त्यांना होकार वाटतं. वारीत गप्प बसणं म्हणजे खरोखरच सगळं ठीक असणं, कारण ठीक नसेल तर आवाज आपोआप चालू असतो.

चोपदाराचा चोप वर गेला की एवढा समुदाय का थांबतो, याचंही उत्तर यातच आहे, असं मला वाटतं. तो चोप ऊठसूट वर जात नाही. आणि वर गेला की पुढे आपलं ऐकलं जाणार, हा अनुभव लोकांच्या गाठीशी असतो. नुसत्या धाकाने इतकी माणसं शांत होत नाहीत.

याचा अर्थ वारी उचलून कारखान्यात नेता येईल, असा नाही. वारकरी पगारासाठी चालत नाही, त्याला बढती नको असते, आणि पंढरपूर कुठे आहे याबद्दल दोन मतं नसतात. कंपनीत मुक्कामाचं ठिकाणच तिमाहीला बदलतं.

दुसरी अडचण खुद्द वारीतली आहे, आणि ती झाकून ठेवली तर हा लेख भाबडा ठरेल. इरावती कर्वे वारीला चालल्या होत्या. ‘वाटचाल’ या लेखात त्यांनी लिहून ठेवलं आहे, की एकत्र भजन करत चालणारी माणसं जेवायला मात्र जातीप्रमाणे वेगवेगळी बसत. आणि विठ्ठलाचं देऊळ दलितांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींना 1947 च्या मे महिन्यात पंढरपुरात उपोषणाला बसावं लागलं. टँकरची तक्रार त्याच संध्याकाळी ऐकणाऱ्या घडीला ही तक्रार शतकभर ऐकू आली नव्हती. ती उठवणाऱ्यांना रिंगणात जागाच नव्हती.

आजही पालखीबरोबर दिंड्यांइतकाच, किंबहुना जास्तच, मोकळा समाज चालतो. त्यांना क्रमांक नाही, विणेकरी नाही, समाज आरतीला वाजता ठेवायला स्वतःचा टाळ नाही. प्रत्येक कंपनीत, इस्पितळात, शाळेतही असा मोकळा समाज असतो: कंत्राटी सफाई कामगार, गेटवरचा सुरक्षारक्षक, तासिका तत्त्वावरचे शिक्षक. टीम बांधायला निघालेल्या साहेबांनी पहिल्या आठवड्यात नुसती एवढी यादी करावी, की आपल्याकडे काम करणाऱ्यांपैकी कोण कोण कुठल्याच दिंडीत नाही. मग त्यांना कुठल्या तरी दिंडीत घ्यावं. नवी दिंडी काढायची असेल तर तिला क्रमांक द्यावा.